फोटो पुसला म्हणजे गेला का?



सामायिक विहीर आपल्याला नवी नाही. दोन-चार भावांच्या हिश्शाची विहीर असली की पाळी कुणाची, मोटार किती तास चालवायची, गाळ काढायचा खर्च कुणी किती द्यायचा, हे सारे ठरलेले असते. कागदावर नसले तरी सर्वांना पाठ असते. जिथे ठरलेले नसते तिथे भांडण कोर्टापर्यंत जाते, हेही आपण पाहतो.

आता गावात आणखी एक सामायिक वस्तू आली आहे, ती म्हणजे संगणक. ग्रामपंचायतीतला, आपले सरकार सेवा केंद्रातला, झेरॉक्सच्या दुकानातला, आणि कित्येक घरांत सगळ्यांनी मिळून वापरायचा एकच लॅपटॉप. या संगणकावर सारे गाव आपली कागदपत्रे आणि फोटो नेऊन टाकते. विहिरीवर जसे नियम आहेत तसे इथे मात्र कुणीच काही ठरवलेले नाही. फोटो कुणाचा, तो किती दिवस ठेवायचा, कुणी पाहायचा, कुणी पुसायचा, या प्रश्नांना गावात उत्तर नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे : सामायिक संगणकावरचा फोटो सुरक्षित ठेवण्याची पहिली जबाबदारी तो संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याची आहे, आणि ती त्याने पाळावी असा नियम गावाने करायला हवा. आपण स्वतः घ्यायची काळजी आहेच, तीही पुढे सांगतो. पण "बायामाणसांनी फोटोच काढू नयेत, मोबाईलच वापरू नये" हा त्यावरचा उपाय नव्हे.

फोटो संगणकावर जातो कसा?

आज शेतीची कोणतीही योजना घ्या, संगणकाशिवाय पुढे सरकत नाही. महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज भरायचा तर कागदपत्रे चढवावी लागतात. पीएम-किसानचे ई-केवायसी आहे, पीकविम्याचा अर्ज आहे, शेतकरी ओळख क्रमांक आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि उभ्या पिकाचा फोटो हाही एक कागदच झाला. २०२४ च्या जुलै महिन्यात लाडकी बहीण योजनेच्या अर्जांसाठी केंद्रांवर कशी गर्दी उसळली होती, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. एरवी केंद्राची पायरी न चढणाऱ्या कितीतरी बहिणी त्या दिवसांत पहिल्यांदा संगणकासमोर उभ्या राहिल्या. ही चांगलीच गोष्ट झाली.

पण तिथे घडते काय ते बघा. ऑपरेटर विचारतो, "फोटो आहे का मोबाईलमध्ये?" आपण सरळ मोबाईलच त्याच्या हातात देतो. "घ्या दादा, तुम्हीच बघा कुठाय तो." आता मोबाईलच्या गॅलरीत एकच फोटो नसतो. त्यात मुलीच्या डोहाळजेवणाचे फोटो असतात, दवाखान्याचे रिपोर्ट असतात, नवऱ्याने किंवा बहिणीने सहज घरात काढलेले फोटो असतात. घाईच्या वेळी ऑपरेटर मोबाईलला वायर जोडतो, पडद्यावर 'फाईल ट्रान्सफर' असे विचारले जाते, कुणीतरी 'हो' म्हणतो, आणि मोबाईलचे सारे घर उघडे पडते. एकेक फोटो शोधत बसण्यापेक्षा सगळा फोल्डर उचलून संगणकावर टाकणे सोपे पडते. हवा तो फोटो मिळाला की अर्ज भरला जातो, आपण पावती घेऊन घरी येतो. बाकीचे फोटो तिथेच राहतात.

दुसरी वाट व्हॉट्सॲपची. केंद्राच्या नंबरवर फोटो पाठवायचा आणि त्यांनी तो संगणकावर उतरवून घ्यायचा. काही वेळा उलटे होते. प्रिंट काढायची म्हणून आपलेच व्हॉट्सॲप त्यांच्या संगणकावर उघडले जाते. चौकोनी कोड दाखवला की झाले. प्रिंट निघते, पण जोडलेले व्हॉट्सॲप बंद करायचे कुणाच्याच लक्षात राहत नाही. पूर्वी मोबाईल बंद झाला की संगणकावरचे व्हॉट्सॲपही थांबायचे. २०२१ पासून ती पद्धत बदलत गेली. आता आपला मोबाईल बंद असला तरी जोडलेल्या संगणकावर निरोप आणि फोटो येत राहतात. मोबाईल रोज वापरात असेल तर ही जोडणी आपोआप तुटेल अशी वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

आणि एक बारीक गोष्ट. पोर्टलला ठराविक केबीच्या आतलाच फोटो चालतो. म्हणून ऑपरेटर मूळ फोटो उतरवतो, तो कापतो, मग लहान करतो. एका फोटोच्या तीन प्रती होतात आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी राहतात. स्कॅन केलेला कागद असेल तर स्कॅनरचा फोल्डर आणखी निराळा.

कामाच्या निमित्ताने अशा केंद्रांवर माझे जाणे-येणे असते. एका गावातल्या केंद्रावर कागद शोधताना 'डाउनलोड्स'चा फोल्डर उघडलेला मी पाहिला. कुणाचा सातबारा, कुणाचे पासबुक, त्याला लागून एका घरातले बारशाचे फोटो, एका बाईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. खाली जावे तितके संपेना. यातले काहीही चोरून आणलेले नव्हते. सारे लोकांनी आपल्या हाताने दिलेले होते. खुर्चीवर त्या वेळी ऑपरेटरही नव्हता; तो जेवायला गेला होता आणि त्याच्या ओळखीचा एक मुलगा तिथे गाणी ऐकत बसला होता. त्या मुलाच्या मनात वाईट काही असेल असे मी म्हणत नाही. पण असते, तर त्याला अडवणारे तिथे काय होते?

पुसणे म्हणजे काय?

पुष्कळांचा समज असा की 'डिलीट' केले की फोटो गेला. तसे नसते. विंडोजच्या संगणकावर साधे डिलीट केले की फोटो 'रिसायकल बिन'मध्ये जातो. ती कचऱ्याची टोपली आहे, उकिरडा नव्हे. त्यात हात घालून कुणीही तो परत काढू शकतो. टोपली रिकामी केली, किंवा शिफ्टचे बटण दाबून डिलीट केले, तर फोटो यादीतून निघतो. पण यादीतून निघणे वेगळे आणि जागेवरून जाणे वेगळे.

आपल्याला हे लगेच समजेल. सातबाऱ्यावरचे नाव कमी झाले म्हणून जमीन जागची हलत नाही. संगणक फक्त एवढीच नोंद करतो की ही जागा आता मोकळी समजावी. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना फोटो बहुधा तिथेच पडून असतो, आणि तो परत उकरून काढणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. पेनड्राईव्ह आणि मेमरी कार्डाचेही तेच. नव्या प्रकारच्या डिस्कवर, जिला एसएसडी म्हणतात, पुसलेली जागा बऱ्याचदा लवकर साफ होते. पण केंद्रावरच्या जुन्या संगणकात कोणती डिस्क आहे हे आपल्याला कुठे ठाऊक असते? शिवाय फोल्डर उघडल्यावर फोटोंची जी बारीक चित्रे दिसतात, ती विंडोज स्वतःजवळ वेगळी साठवून ठेवते. मूळ फोटो गेला तरी ते बारीक चित्र मागे राहू शकते.

म्हणून नियम साधा आहे. जो फोटो दुसऱ्याने पाहू नये असे वाटते, तो सामायिक संगणकावर जाताच कामा नये. गेल्यावर पुसण्यापेक्षा न नेणे बरे. तणनाशक फवारून तण मारण्यापेक्षा तणाचे बी शेतात न येऊ देणे स्वस्त पडते, तसेच हे.

लपवणे म्हणजे कुलूप नव्हे

घरच्या लॅपटॉपवरही हीच गोष्ट. मुलगा अभ्यास करतो, पुतण्या गेम खेळतो, पाहुणे आले की सिनेमा लागतो. घरातल्या सुनेने आपले फोटो कुठेतरी आत, फोल्डरच्या आत फोल्डर करून, त्याला 'हिशोब' असे नाव देऊन ठेवलेले असतात. कुणी फोल्डर 'हिडन' करून ठेवतो. याला लपवणे म्हणतात. दाराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यासारखेच ते. विंडोजमध्ये लपवलेल्या वस्तू दाखवण्याची सोय एका टिचकीवर असते, आणि फोटो कुठेही ठेवला तरी शोधताना सगळे फोटो एकत्र समोर येऊ शकतात.

त्यापेक्षा बरा उपाय म्हणजे प्रत्येकाचे वेगळे खाते. विंडोजमध्ये घरातल्या प्रत्येक माणसाचे स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र पासवर्ड करता येतो. एकाच्या खात्यातले फोटो दुसऱ्याच्या साध्या खात्यातून उघडत नाहीत. मात्र ज्याचे खाते 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणजे मुख्य असते, त्याला सगळीकडे जाता येते. आणि कुणी डिस्कच काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर पासवर्ड बाजूला राहतो आणि फोटो उघडतात. दारावर पहारेकरी असावा आणि मागची भिंत कुडाची असावी, असा तो प्रकार.

खरे कुलूप म्हणजे फोटोचे रूपच बदलून टाकणे. पासवर्डशिवाय ते कुणाला वाचताच येऊ नये. याला इंग्रजीत एन्क्रिप्शन म्हणतात. विंडोजच्या काही आवृत्त्यांत सगळ्या डिस्कला असे कुलूप लावण्यासाठी 'बिटलॉकर' आहे. 'सेव्हन-झिप' नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात फोटोंचे गाठोडे बांधून त्याला पासवर्ड घालता येतो. थोडी जास्त माहिती असणाऱ्यांसाठी 'व्हेराक्रिप्ट' आहे. घरात बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी असेल तर अर्ध्या तासात शिकून घेता येईल, इतके ते सोपे आहे. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. गाठोडे बांधल्यावर बाहेर राहिलेले मूळ फोटो पुसायचे असतात. नाहीतर पेटीला कुलूप आणि दागिने खाटेवर. आणि पासवर्ड विसरला तर फोटो तुम्हालाही मिळणार नाहीत. तो गावच्या दुकानदाराला माहीत असून उपयोग नाही आणि कुणालाच माहीत नसून उपयोग नाही.

हे सगळे जमत नसेल तर सर्वांत साधा उपाय सांगतो. खासगी फोटो सामायिक लॅपटॉपवर ठेवूच नका. एका पेनड्राईव्हवर घ्या आणि तो पेनड्राईव्ह कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवा. मोबाईलमध्येही आता कुलपाचे फोल्डर मिळतात. गूगल फोटोजमध्ये 'लॉक्ड फोल्डर' आहे, सॅमसंगच्या बऱ्याच मोबाईलमध्ये 'सिक्युअर फोल्डर' आहे. त्यातले फोटो साध्या गॅलरीत दिसत नाहीत. मोबाईल दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली तरी ते झाकलेले राहतात.

"लपवण्यासारखे आहे काय?"

हा विषय काढला की पारावर एक प्रश्न हमखास येतो. "आपल्याकडे लपवण्यासारखे आहेच काय? साधी माणसं आपण." या प्रश्नाचे उत्तर देणे मला गरजेचे वाटते. आपल्या न्हाणीघराला दार असते. ते काही आत गुन्हा चाललेला असतो म्हणून नसते. माणसाला आपली अशी जागा लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले की खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. तो हक्क शहरातल्या बंगल्याला आहे तितकाच वस्तीवरच्या घरालाही आहे.

शिवाय आज साधा फोटोही साधा राहिलेला नाही. पूर्वी कुणाचे नाव बिघडवायचे तर काहीतरी हाताला लागावे लागे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्रॅम आले आहेत. लग्नातला, शाळेच्या स्नेहसंमेलनातला, योजनेच्या अर्जावरचा चेहरा उचलून त्यावरून खोटा अश्लील फोटो तयार करता येतो. म्हणजे ज्या बाईने आयुष्यात कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिच्याही बाबतीत हे होऊ शकते. आधार, पासबुक आणि फोटो एकाच ठिकाणी मिळाले तर नावावर कर्ज काढण्याचे, सिमकार्ड घेण्याचे उद्योगही होतात, ते वेगळेच.

आणि जेव्हा असा फोटो गावात फिरतो, तेव्हा गाव काय विचारते? "हिने काढलाच कशाला?" पसरवणाऱ्याचे नाव कुणी घेत नाही. बियाणे बोगस निघाले तर आपण कंपनीकडे आणि दुकानदाराकडे बोट दाखवतो, पेरणाऱ्याला दोष देत नाही. इथे मात्र उलटे चालते. परिणाम असा होतो की दुसऱ्या दिवसापासून दहा घरांतल्या मुलींचे मोबाईल काढून घेतले जातात, सुनेला केंद्रावर पाठवणे बंद होते, बचत गटाच्या बैठकीचा फोटो काढायला बाया मागे सरतात. महिला शेतकऱ्याच्या नावावर सातबारा यावा, तिने स्वतः अर्ज करावा, प्रशिक्षणाला यावे, यासाठी आम्ही मंडळी घरोघर फिरतो. एका निष्काळजी संगणकामुळे ते सारे मागे जाते. माझ्या दृष्टीने या विषयाचे खरे मोल इथे आहे.

केंद्रचालकाची बाजू

केंद्रचालकांवर सगळे खापर फोडून मोकळे होणे न्यायाचे नाही. त्यांचीही अडचण ऐकली पाहिजे. अर्ज त्रुटीत निघतो, शेतकरी महिन्याने परत येतो, आणि त्या वेळी त्याच्याकडे कागद नसतो. "तुमच्याकडं दिला होता की मागं," असे तो म्हणतो. म्हणून ऑपरेटर सगळे जपून ठेवतो. सर्व्हर दिवसा चालत नाही, काम रात्री करावे लागते, समोर पन्नास माणसे उभी असतात. अशा वेळी फोल्डर साफ करायला त्याला सवड कुठली? त्याला कुणी शिकवलेलेही नसते.

पण अडचण खरी असली तरी उपाय तोच असला पाहिजे असे नाही. ज्याचा कागद त्याच्याजवळ राहावा, ही पद्धत पाडता येते. अर्ज झाला की सारी कागदपत्रे शेतकऱ्याच्याच पेनड्राईव्हवर परत द्यायची. पुढच्या वेळी तो पेनड्राईव्ह घेऊन येईल. झेरॉक्सची फाईल आपण पिशवीत घालून नेतोच की! फरक एवढाच की पिशवीऐवजी पेनड्राईव्ह. जी कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये मिळतात ती तिथूनच घ्यावीत, म्हणजे फोटो काढून पाठवण्याचे कारणच उरत नाही.

काय करावे?

केंद्रावर जाताना :

१. मोबाईल ऑपरेटरच्या हातात देऊ नका. फोटो आपण शोधा आणि तेवढाच द्या. वाचता येत नसेल तर घरातले शिकलेले माणूस बरोबर न्या.

२. योजनेच्या कागदांसाठी वेगळा पेनड्राईव्ह ठेवा. त्यात घरचे फोटो घालू नका.

३. वायर जोडलीच तर मोबाईलवर 'फक्त चार्जिंग' राहू द्या. 'फाईल ट्रान्सफर'ला होकार दिला तर काम संपेपर्यंत तिथून हलू नका आणि वायर आपल्या हाताने काढा.

४. आपले व्हॉट्सॲप, ईमेल किंवा गूगल खाते दुसऱ्याच्या संगणकावर उघडू नका. उघडलेच तर बाहेर पडा. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' या ठिकाणी कोणकोणते संगणक जोडलेले आहेत ते दिसते. आज घरी गेल्यावर ते एकदा पाहाच. अनोळखी दिसेल ते तिथूनच 'लॉग आउट' करा.

५. पासवर्ड लक्षात ठेवू का, असे संगणकाने विचारले तर 'नाही' म्हणा. 'इन्कॉग्निटो' खिडकी वापरली तर फक्त आपण काय पाहिले याची यादी राहत नाही; उतरवलेला फोटो मात्र तिथेच राहतो.

६. निघताना ऑपरेटरला सरळ म्हणा, "दादा, माझे कागद पुसा, टोपलीतूनही पुसा." यात संकोच कसला? वजनकाट्यावर आपण काटा शून्यावर आहे का ते बघतोच ना?

७. आधारची प्रत देताना जिथे चालते तिथे पहिले आठ आकडे झाकलेली, म्हणजे 'मास्क्ड' प्रत द्या.

केंद्रचालकांसाठी :

१. रोज संध्याकाळी डेस्कटॉप, डाउनलोड्स, स्कॅनरचा फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामे करावे. विंडोजमध्ये 'स्टोरेज सेन्स' नावाची सोय आहे. ठराविक दिवसांनी डाउनलोड्स आणि टोपली आपोआप साफ करण्याचे काम ती करते. एकदाच लावून ठेवावी लागते.

२. खुर्चीवरून उठताना विंडोजचे बटण आणि एल ही अक्षरकळ एकत्र दाबावी. पडदा बंद होतो, पासवर्डशिवाय उघडत नाही. मित्रमंडळींना त्या खुर्चीवर बसू देऊ नये.

३. संगणक दुरुस्तीला देताना किंवा विकताना डिस्क साफ करून द्यावी. शक्य नसेल तर डिस्क काढून ठेवावी. २००८ साली हाँगकाँगमध्ये एका नामांकित नटाचा संगणक दुरुस्तीला गेला आणि त्यातले खासगी फोटो जगभर पसरले. संगणक दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाला पुढे शिक्षा झाली, पण फोटो काही परत आले नाहीत.

४. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-डागडुजी कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवली. त्याहून जुन्या विंडोजवर सारे गाव आपले पेनड्राईव्ह लावत असेल, तर एकाचा रोग सगळ्यांना लागायला वेळ लागत नाही.

घडलेच तर?

एवढे करूनही कुणाचा फोटो बाहेर गेलाच तर पहिली गोष्ट म्हणजे घाबरून पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही. दुसरी गोष्ट, रागाने सगळे पुसून टाकू नका. धमकीचे निरोप, नंबर, तारीख यांचे स्क्रीनशॉट ठेवा. तोच पुरावा असतो. मग जवळच्या पोलीस ठाण्यात जा किंवा केंद्र सरकारच्या सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार करा. महिला आणि बालकांविषयीच्या अशा गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन लावा.

कायदा या बाबतीत दुबळा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमाखाली कुणाच्या खासगी अवयवांचा फोटो संमतीशिवाय काढणे किंवा पसरवणे याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अश्लील मजकूर पसरवण्याला ६७ वे कलम आहे. मुलगी किंवा मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर कायदे आणखी कडक आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात एक मोलाचे स्पष्टीकरण आहे, ते आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे : बाईने अशा खासगी क्षणाचा फोटो काढू दिला, पण तो दुसऱ्यांना दाखवू नये अशी तिची अपेक्षा होती, तर तो पसरवणे हा गुन्हाच आहे. "तिने काढू दिला होता" ही सबब चालत नाही. म्हणजे पारावर जो प्रश्न विचारला जातो, त्याचे उत्तर कायद्याने केव्हाच देऊन ठेवले आहे.

सज्ञान व्यक्तींसाठी 'स्टॉप एनसीआयआय' नावाची एक आंतरराष्ट्रीय सोयही २०२१ पासून आहे. तिच्यात फोटो पाठवावा लागत नाही. आपल्याच मोबाईलवर त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो, फक्त तो ठसा पुढे जातो आणि त्यात सहभागी असलेल्या कंपन्या त्यावरून तो फोटो ओळखून अडवू शकतात. आणि घरच्यांनी एक करावे : त्या मुलीला प्रथम जवळ घ्यावे. चौकशी नंतर. फोटोपेक्षा घरच्यांच्या बोलण्याने जास्त जीव गेले आहेत, हे कुणाला सांगायची गरज नाही.

ग्रामसभेत ठराव घ्या

शेवटी मुद्द्यावर येतो. वर सांगितलेल्या गोष्टी एकेकट्याने केल्या तर एकेकट्याचे रक्षण होईल. पण ज्या आजीला अक्षर वाचता येत नाही तिने 'लिंक्ड डिव्हायसेस' कुठे शोधावे? तिच्यासाठी नियमच हवा. वर्षाकाठी चार ग्रामसभा होतात. त्यातल्या येत्या सभेत सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा विषय पत्रिकेवर घ्यावा. ठराव चार ओळींचा पुरे : गावातल्या केंद्रावर काम संपताच कागद आणि फोटो मालकाला परत द्यायचे, संगणक रोज साफ करायचा, ऑपरेटरशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही, आणि हे तीन नियम मोठ्या अक्षरांत, संगणकाच्या मागच्या भिंतीवर लिहायचे. यासाठी निधी लागत नाही, वरची मंजुरी लागत नाही, अंदाजपत्रकही लागत नाही. महिला ग्रामसभेने हा ठराव आधी मांडला तर उत्तमच.

विहिरीचे नियम कुणी सरकारने करून दिले नव्हते. पाणी सगळ्यांचे आहे आणि ते गढूळ झाले तर सगळ्यांच्याच घरी गढूळ जाईल, एवढे आपल्या वाडवडिलांना कळत होते. आपल्या केंद्रावरच्या संगणकात आज तुमच्या घरातला कोणाचा फोटो पडून आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? उद्या बाजारच्या दिवशी त्या बाजूला जाल, तेव्हा एवढे विचारून या.